घरघर

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, तोही बाळ झोपलेलं असताना. ती घरातून व्हिडिओ एडिटिंग करायची आणि तिचं ऑफिस बाळाच्या पापण्यांवर चालायचं. त्या मिटल्या की उघडायचं, उघडल्या की बंद. पडदा काळा झाला आणि पाठोपाठ पाळणा हलला. हे नेहमीचंच. दोघांचं संगनमत आहे, असं तिनं केव्हाच मनाशी धरून टाकलं होतं.

"प्रोसेसर तापतोय," नवरा नाडी बघितल्यासारखा म्हणाला. "पंखा बघ कसा घरघरतोय. प्रोसेसर गार ठेवणारा नवा कूलर बसवायला हवा."

"मग बसव ना! सोमवारी फिल्म गेली नाही तर कंपनीवाले काम दुसऱ्याला देणार आहेत."

नवऱ्यानं मनावर घेतलं. बाळाचं नाव एका संध्याकाळी ठरलं होतं, कूलर मात्र ठरता ठरेना. अखेर शनिवारी त्यानं दुकानातून विटेएवढा कूलर उचलला. खोक्यावर लिहिलं होतं, 'अजिबात आवाज नाही'.

"दादा, प्रोसेसर आणि कूलरच्या मधे ती थर्मल पेस्ट किती लावायची?"

"वाटाण्याएवढी."

"सुका वाटाणा की भिजवलेला?"

दुकानदार त्याच्याकडे बघतच राहिला. "साहेब, घरी कुणी मोठं आहे का?"

घरी तिनं बाळाला कडेवर घेऊन टॉर्च धरला. नवऱ्यानं जुनी, वाळलेली पेस्ट पुसली, नवा ठिपका लावला, कूलर आवळला. कॉम्प्युटर चालू झाला आणि पूर्वीपेक्षाही लवकर बंद पडला. सगळं पुन्हा उघडलं. कूलरच्या तळाला पातळ प्लास्टिक चिकटलेलं होतं.

"यावर काय लिहिलंय रे?"

"बसवण्याआधी काढा."

"आणि तू?"

"बसवला," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

प्लास्टिक निघालं, पेस्ट पुन्हा लागली. कूलर इतका उंच की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं दार लागेना. ते तसंच राहिलं. पण कॉम्प्युटर चालला. गार, निःशब्द. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाळाला पाळण्यात ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

बाळानं डोळे उघडले, कान दिल्यासारखं केलं आणि भोकाड पसरलं.

रविवार असाच गेला. खांद्यावर झोपायचं, पाळण्यात टेकवलं की जागं. कॉम्प्युटर दिवसभर थंडपणे वाट बघत बसला. फिल्म अर्धीच.

"नको मला हे काम," ती शेवटी म्हणाली, बाळाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

हाताला काहीतरी हवं म्हणून नवऱ्यानं टाकायला काढलेला जुना पंखा उचलला आणि त्याची वायर कॅबिनेटच्या उघड्या दारातून आत जोडली.

घर्रर्र.

बाळानं जांभई दिली. मूठ सैल पडली.

दोघं हलली नाहीत. दवाखान्यातून आल्यापासून बाळ याच खोलीत, याच आवाजाशेजारी निजलं होतं. "जा," नवरा ओठांनीच म्हणाला. ती खुर्चीत बसली. पाळण्याजवळच्या स्टुलावर पंखा कशालाही गार न करता फिरत राहिला.

सोमवारी फिल्म गेली.

मंगळवारी नवरा बाळाला खांद्यावर घेऊन दुकानात गेला.

"काय साहेब, आवाज करतोय का कूलर?"

"अजिबात नाही. म्हणूनच आलो. घरघरणारा एखादा जुना पंखा असेल का हो? आमचा बंद पडला तर... जवळ असलेला बरा."

दुकानदारानं बाळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. या वेळी त्यानं काहीच विचारलं नाही. घरी मोठं कुणी नाही, हे त्याला कळलं होतं. तो भंगाराच्या खोक्याशी वाकला आणि एकेक पंखा कानाशी धरून बघू लागला.