ओरिजिनल चिखल

अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या आमच्या ऑफिसात कुणाचीही टोपी उडवावी तर मीच. अनुपच्या खुर्चीचं चाक लपवणारा मी, आणि ते शोधायला त्याच्याबरोबर दिवसभर वाकून फिरणाराही मीच. बॉसला गंडवणं म्हणजे तर चहात बिस्कीट बुडवणं, असं मला २००४च्या दसऱ्यापर्यंत वाटायचं.

बॉस वॉल्ट, मूळचा कॅलिफोर्नियाचा. त्याच्या केबिनमध्ये एक सायकल टांगलेली. म्हशीच्या पोटासारखे टायर, वर चिखलाची पुटं. तिचा विषय निघाला की वॉल्टचा आवाज देवळात आल्यासारखा खाली यायचा.

"क्रिश, तेव्हा माउंटन बाइक दुकानात मिळायचीच नाही. आम्ही भंगारातल्या सायकली जोडून डोंगरावर न्यायचो आणि खाली सोडायचो. ब्रेक एकच, मागच्या चाकात, उलटं पॅडल मारायचं. खाली येईपर्यंत मागच्या चाकातल्या ग्रीसचा धूर झालेला असायचा. दर वेळी नवीन भरायचं, नाहीतर पुढच्या उताराला ब्रेक गेलाच. हा चिखल माझ्या शेवटच्या उताराचा. शहात्तर सालचा."

केबिनचं कार्पेट बदलायचं निघालं. मिनीव्हॅन माझी, म्हणून सायकल वीकेंडपुरती माझ्या गराजमध्ये आली. माझ्या ग्रीन कार्डची फाइल वॉल्टच्या टेबलावर सहीसाठी पडून होती. "सोमवारी सायकल आण, सही घेऊन जा," तो म्हणाला.

वीकेंडला खंडेनवमी होती.

मी कॉस्कोतून महिन्याची खरेदी करून आलो तर मिनीव्हॅन, लॉनमोअर, लॅपटॉप सगळे हार घालून ओळीत उभे. शेवटी सायकल. चकचकीत. सीटवर हळदकुंकू.

"शैलजा, हे काय केलंस?" मी बायकोला विचारलं.

"केवढी घाण होती रे! मागच्या चाकातून तर काळं काळं निघतच होतं. सगळं उघडून साफ केलं. तुझा बॉस खूश होईल बघ."

मी पायरीवर बसलो. मग म्हटलं, आपण कोण आहोत? चिखलच लावायचाय ना? पण जॉर्जियाची माती लाल, वॉल्टचा चिखल तपकिरी. लॉनमधली माती लावली तर सायकल वीटभट्टीवरून आल्यासारखी दिसायला लागली. मग शैलजाच्या भाजीच्या वाफ्यातली काळी माती घेतली, चहाचा चोथा कालवला, थापला आणि हेअर ड्रायरने वाळवला.

"मोठ्या माणसांची कामं," शैलजा म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी वॉल्टने चिखलाला बोट लावलं. डोळे मिटले. "अजून त्या डोंगराचा वास येतो," तो म्हणाला. मी गंभीरपणे मान हलवली. सही मात्र लांबली, कारण वकिलाने फाइल दुरुस्तीला परत नेली. इकडे प्रवासात चिखलाला तडे गेले म्हणून वॉल्ट रोज त्यावर पाण्याचा फवारा मारायला लागला.

ऑफिसात दिवाळीचं पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा; त्याच दिवशी फाइल परत आली. वॉल्ट एका हातात पेन, दुसऱ्या हातात प्लेट घेऊन मला घाईघाईने केबिनमध्ये घेऊन गेला. शैलजाही मागे आली. सायकलच्या फ्रेमवर हिरवे कोंब आले होते.

"अठ्ठावीस वर्षं," वॉल्ट कोंबांवर वाकला. "त्या डोंगरावरचं बी. मी युनिव्हर्सिटीत फोन करतोय."

मी डोळ्यांनी शैलजाला गप्प राहायला सांगत होतो. पण आपल्या हाताने पेरलेलं उगवलेलं दिसल्यावर बाई गप्प बसते होय?

"अगं बाई, मेथी. वॉल्ट, धिस इज मेथी. तुमच्या प्लेटमध्ये आहे ना, तीच."

वॉल्टने एक पान खुडून चावलं. मग पराठ्याचा घास चावला. मग माझ्याकडे बघितलं. पेनाचं टोपण लावलं.

मी सगळं सांगितलं. खंडेनवमीसुद्धा. तो शब्द त्याने दोनदा म्हणून बघितला.

"सही करतो," तो शांतपणे म्हणाला. "पण आधी माझा चिखल परत आण. जिथला होता तिथून, लागला होता तसाच."

म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी, वय वर्षं सेहेचाळीस, कॅलिफोर्नियातल्या त्या डोंगरमाथ्यावर त्या सायकलवर बसलो होतो. रात्रभर पाऊस पडून गेलेला, रस्ता सरळ खाली चिखलात. वॉल्ट फाइल आणि पेन घेऊन जीपमध्ये बसला. खाली जाऊन थांबणार होता.

"वॉल्ट," मी हाक मारली, "मागच्या चाकात ग्रीस आहे ना?"

त्याने जीप चालू केली.

"होतं," तो म्हणाला. "खंडेनवमीपर्यंत."