६०२ मधल्या आवाजाची तक्रार

द्रोणागिरीच्या नीरवसागर सोसायटीची विशेष सभा ठरल्या वेळी आणि पूर्ण गणसंख्येसह सुरू झाली, ही गोष्ट इतिवृत्तात नोंदवण्याजोगी होती. पाण्याच्या टाकीसाठी दोनदा आणि लिफ्टसाठी चारदा सभा बोलावली तेव्हा पाचसहा टाळकी जमली होती. या वेळी खुर्च्या कमी पडल्या. सहाव्या मजल्यावरचं सात वर्षांचं पोरगं मंगळवारी डोकं फुटून दवाखान्यात गेलं होतं. आईबाप नव्हते त्याला. सांभाळणारा काका निशांत म्हणत होता, जिन्यावरून पडला. डॉक्टरांचं म्हणणं असं, की जिना एकाच पोराला इतक्या वेगवेगळ्या तारखांना मारत नाही. पोलिसांनी काकाला नेलं आणि सोसायटीला तीव्र धक्का बसला.

धक्का किती तीव्र होता, हे सेक्रेटरी विपुल आपल्या वळणदार अक्षरात टिपून घेत होता. विपुल वाईट माणूस नव्हता. त्याचे कागद वेळेवर तयार असत आणि त्याला शांतता आवडे. तो ५०२ मध्ये राहायचा, म्हणजे पोराच्या ६०२ च्या बरोबर खाली.

‘असं घडलंच कसं?’ हा प्रश्न सर्वानुमते मंजूर झाला. उत्तर शोधायला कारणशोध समिती नेमली गेली आणि तिचं काम अवघड असल्यामुळे तिला उपसमित्या जोडल्या. पहिलीने आठवड्यात मोबाइलला दोषी ठरवलं, हा निष्कर्ष तिने मोबाइलवरून कळवला. दुसरीने वास्तुतज्ज्ञ आणले, त्यांनी ६०२ चं स्वयंपाकघर चुकीच्या दिशेला असल्याचं सांगितलं. बाकीच्या एकतीस घरांची स्वयंपाकघरं त्याच दिशेला होती, तेव्हा तो विषय घाईने आटोपला. मग वॉचमनने बाहेरच्या गुन्हेगाराला आत सोडलंच कसं, यावर दीड तास गेला. गुन्हेगार घरातलाच होता आणि त्याच्या गाडीवर सोसायटीचं स्टिकर होतं, हे वॉचमनने सांगून पाहिलं. उद्धटपणाबद्दल त्याला समज देण्यात आली.

रविवारी मुलांसाठी ‘घाबरू नका, आवाज उठवा’ असं शिबिर झालं. मुलांनी खरोखरच आवाज उठवला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून गोंगाटाची तक्रार आली आणि शिबिर अर्ध्यावर थांबवावं लागलं.

संध्याकाळी मेणबत्ती मोर्चा ठरला होता. बॅनरवाला फोनवर खोळंबला होता, कारण ‘न्याय द्या’च्या आधी कोणाचं नाव टाकायचं ते कोणी सांगेना.

चेअरमन हिरामण भोईर इथल्याच मातीतला माणूस. सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्याच्या बापाची भातशेती होती. त्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. “आरं, पोराचा नाव काय हाय?”

कोणी म्हणालं गुड्डू. कोणी म्हणालं, तो निळ्या सायकलवाला. विपुलने सभासद यादी उघडली, तर तिथे ‘अवलंबित : १’ एवढंच होतं. शेवटी ‘६०२ ला न्याय द्या’ असा बॅनर छापला गेला. नाक्यावर एका कंटेनरवाल्याने गाडी हळू करून विचारलं, “क्या हुआ, पानी टपकता है क्या?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात फौजदारबाई आल्या. बरोबर बाळाबाई होती. साताऱ्याकडची, पन्नाशीची. ती ६०२ मध्ये पोळ्या करायची आणि ५०२ मध्येही. पोराला रिक्षात घालून दवाखान्यात तिनेच नेलं होतं.

“मुलगा शुद्धीवर आलाय,” फौजदारबाई म्हणाल्या, “पण तोंड उघडत नाही. या बाईंनी वळ पाहिलेत, मारताना पाहिलेलं नाही. काका सुटला तर मुलगा परत त्याच्याच ताब्यात जाईल. आधीचं काही लेखी आहे का तुमच्याकडे?”

“हाय की,” बाळाबाई म्हणाली. “त्या वहीत लिव्हलंय सगळं सायबांनी. पोरगं रडायचं, खालनं-वरनं लोक येऊन सांगायचे, ह्ये लिव्हून घ्यायचे.”

विपुलने कपाटाची किल्ली खिशात टाकली. “बघून लेखी कळवतो,” तो म्हणाला.

फौजदारबाई गेल्या. बाळाबाई दारात घुटमळली. “सायेब, काल त्यानं मला कानात इचारलं, ‘मावशी, बोललं तर चालतंय का? सोसायटीचा कागद येईल.’ तुमचा कागद भिंतीला चिकटवलाय त्याच्या काकानं. त्यो दाखवून गप करायचा. शिवतेज नाव हाय त्याचं.”

विपुलने कपाटातून तक्रार नोंदवही काढली. अकरा नोंदी होत्या. ‘६०२ मधून मूल रडण्याचा आवाज. झोपमोड होते.’ त्यातल्या चार त्याच्या स्वतःच्या. शेवटच्या नोंदीसमोर लाल शाईत त्याचाच शेरा होता : ‘नोटीस बजावली. आवाज पूर्ण बंद. तक्रार निकाली.’ त्या दिवशी चेअरमनने त्याची पाठ थोपटली होती. आता त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, आणि तो वही घेऊन तडक हिरामणकडे गेला.

हिरामणने अकराही नोंदी वाचल्या. वही मिटली. मग म्हणाला, “ही वही पोलिसानला दिली त उद्या टीवीवाले विचारतील, आयकत व्हता त गेला का नाय कोन? काय सांगशील?”

विपुलने वही परत घेतली.

“आनि तुजी सही हाय खाली. माजी नाय.”

पोलिसांना उत्तर त्याच दिवशी गेलं. सोसायटीच्या इतिहासात इतकं तत्पर उत्तर कोणालाच मिळालेलं नव्हतं. ‘सदनिका क्र. ६०२ संदर्भात पूर्वीच्या तक्रारी : निरंक. सोसायटी शांतताप्रिय आहे.’ जुनी वही वाळवीने खाल्ल्याचा ठराव झाला. अफवा पसरवल्याबद्दल बाळाबाईचा गेटपास रद्द झाला, तेव्हापासून विपुलकडच्या पोळ्या बाहेरून येऊ लागल्या.

पुराव्याअभावी काका सुटला. दुसरं कोणी नसल्यामुळे पोरगंही त्याच्याच हवाली झालं. सोसायटीने दोघांचं पुष्पगुच्छ देऊन स्वागत केलं. कारणशोध समितीचा अहवाल आला, त्यात एकच शिफारस होती : भविष्यात रहिवाशांना असा मानसिक त्रास होऊ नये म्हणून सर्व खिडक्यांना आवाजरोधक काचा बसवाव्यात. ती शिफारस टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली.

काचा छान बसल्या. पुढच्या रविवारी दुपारी चारला विपुल चहा पीत बसला असताना छतावर धप्प झालं. काचा छताला नसतात, हे समितीच्या लक्षात आलं नव्हतं. पुन्हा एकदा धप्प झालं. रडण्याचा आवाज मात्र नव्हता, पोरगं आता नियम पाळत होतं. विपुलने नवी कोरी नोंदवही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. उद्या ‘आदर्श सोसायटी’ स्पर्धेचे परीक्षक वही तपासायला येणार होते. त्याने टोपण पुन्हा लावलं.

विपुलला काय वाटेल ते म्हणा, तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फक्त त्याआधी एवढं सांगा : तुमच्या वरच्या मजल्यावर जे पोर राहतं, त्याचं नाव काय?