अनारसे : गरज नाही

ईस्टरची लांब सुट्टी होती, बाहेर गारठा होता आणि मी बायकोला मदत करायचं ठरवलं. माझ्या संसारातले बहुतेक अपघात मदतीतूनच झाले आहेत.

सुनेत्रा, म्हणजे आमची ही, स्टुटगार्टमध्ये घरून मराठी खाद्यपदार्थ पुरवते. रीतसर गेवेर्ब, म्हणजे व्यवसाय, नोंदवून, तपासनिसाला स्वयंपाकघर दाखवून. शनिवारी डबे, सणावाराला फराळ. कधी काय करायचं, हे ती ठरवते कसं? खिडकीपाशी उभी राहते, चहाचा घोट घेते आणि म्हणते, "या आठवड्यात चकली जाईल." आणि चकली जाते.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मालाचं नियोजन बघतो. आमच्याकडे कोणी खिडकीत उभं राहून "या महिन्यात रबरी रिंगा जातील" असं म्हणत नाही. संगणक जुना खप तपासतो, पुढचा अंदाज बांधतो, शिफारस करतो आणि माणूस मान डोलावतो. (तो माणूस मी.)

"अगं, आजकाल धंदा असा नुसत्या बाउखगेफ्यूलवर चालवत नाहीत," मी म्हणालो. पोटातून वाटतं त्याला इथले लोक बाउखगेफ्यूल म्हणतात.

"अहो, खाण्याचा धंदा पोटावर नाही चालवायचा तर कशावर?"

मी चिकाटीचा माणूस आहे. सुट्टीभर बसून तिच्या गेल्या काही वर्षांच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवरून तक्त्यात उतरवल्या, चुकीच्या नोंदी दुरुस्त केल्या आणि सगळं एका एआयच्या ताब्यात दिलं. त्याचं नाव ठेवलं दिवाणजी.

दिवाणजीनं पहिल्याच शनिवारी सांगितलं, "फुटबॉलचा सामना आहे. वडे दुप्पट करावेत." दुपारपर्यंत वडे संपले. पुढच्या आठवड्यात म्हणाला, "पुरणपोळी कमी करावी." तेही बरोबर ठरलं. सुनेत्रा आता चहा घेऊन खिडकीऐवजी माझ्या लॅपटॉपपाशी उभी राहू लागली. लग्नानंतर प्रथमच माझं म्हणणं कोणी दोनदा विचारत होतं. मी किंचित फुगलो.

त्या वेळी सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आलेल्या होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, "याला वास येतो का हो, श्रीधरराव?"

"नाही, आई."

"मग कठीण आहे," म्हणून त्या डाळ निवडायला लागल्या.

मे महिन्यात एके दिवशी सुनेत्रा म्हणाली, "अहो, येत्या रविवारपासून अधिक महिना. अनारशांचे तांदूळ भिजत घालू ना? पीठ मुरेपर्यंत आठवडा जातो."

मी दिवाणजीला विचारलं. उत्तर आलं, "अनारसे : मागणी नगण्य. गरज नाही. त्याऐवजी शेव वाढवावी."

"पण अधिक महिना तीन वर्षांनी येतो. त्याला कुठून कळणार?"

"मागचा अधिक महिनाही आहे त्याच्याकडे. तो हवेत नाही बोलत, डेटा बघून बोलतो."

"काय म्हणाला दिवाणजी?" सासूबाईंनी विचारलं.

"गरज नाही म्हणाला."

"बरं," त्या म्हणाल्या. (सासूबाईंच्या 'बरं'चा डेटा मी कधीच गोळा केला नव्हता.)

सुनेत्रानं शेव वाढवली. पुढच्या आठवड्यात शेजारच्या ब्योब्लिंगेनहून मीनलचा फोन आला. यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं जेवण कुणाला द्यायचं, हे मीनल ठरवणार होती आणि सुनेत्राचं सगळं लक्ष त्या कामावर होतं.

"सुनेत्राताई, माझी आई आलीय. ह्यांना वाण द्यायचंय. तेहेतीस अनारसे, येत्या शनिवारी. मागच्या वेळेसारखेच हं!"

सुनेत्राच्या तोंडून सवयीनं "हो" गेलं. मग ऊर्मिलाचा फोन आला. मग वीणाचा. जर्मनीत मे महिन्यात श्पार्गेलची भाजी आणि सासवा एकदमच येतात. त्यात अधिक महिना, म्हणजे जावई साक्षात विष्णू. त्याला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायलाच हवं. संध्याकाळपर्यंत आमच्या अर्ध्या श्वाबिया प्रांतातल्या विष्णूंची नोंदणी झाली.

"अहो, मागच्या अधिकात घरात पाय ठेवायला जागा नव्हती अनारशांनी," सुनेत्रा म्हणाली. "मग याला दिसलं कसं नाही? दाखवा बघू."

मी तक्ता उघडला.

"मीनल, तीन. ऊर्मिला, तीन. वीणा, तीन. अहो, तीन अनारसे कोण मागवतं?"

"मूळ नोंदीत तेहेतीस होते," मी घसा साफ केला. "मला वाटलं, घाईत तुझं बोट दोनदा पडलं. म्हणून दुरुस्त केले."

"सगळ्यांच्याच नोंदीत माझं बोट दोनदा पडलं?"

"सवयीची चूक असते कधी कधी. आमच्या कंपनीत याला..."

"तुम्हाला दर अधिकात वाण मिळतं, ते किती असतं?"

"मोजलं नाही. खाल्लं."

"आता त्या बायकांना काय सांगू? अनारसे नाहीत, रबरी रिंगा घ्या?"

मी मुकाट्यानं दिवाणजीला उपाय विचारला. तो म्हणाला, "पर्याय : बेकरीतले डोनट. गोल, तळलेले, गोड." हे मी मोठ्यानं वाचायला नको होतं.

सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा सासूबाई उठल्या, केलरची किल्ली घेतली आणि मला म्हणाल्या, "चला. डबे जड आहेत."

तळघरात माझ्या सायकलीमागे स्टीलचे डबे होते. झाकण उघडताच गूळ आणि तुपाचा वास आला. आत अनारशांच्या पिठाचे गोळे.

"आई, हे कधी?"

"तुमचा दिवाणजी 'गरज नाही' म्हणाला ना, त्याच दुपारी तांदूळ भिजवले. वाळवले तुमच्या सायकलीवर धोतर पसरून."

"पण बोलला का नाहीत?"

"जावयाला कसं बोलायचं? अधिक महिना तोंडावर आलेला."

मायलेकींनी दोन दिवस अनारसे तळले. एकही तुपात हसून फुटला नाही. (मी जवळपास नव्हतो.) शनिवारी सगळी वाणं वेळेवर पोचली आणि रात्री मीनलचा निरोप आला, की गणपतीचं जेवण सुनेत्राताईंकडेच. मी दिवाणजीच्या तक्त्यात सगळे तेहेतीस पुन्हा तेहेतीस केले.

रविवारी माझं वाण होतं. रांगोळी, निरांजन, ताटावर विणलेला रुमाल. मी नवा सदरा घालून बसलो. रुमाल उचलला. ताटात क्नेकेब्रोटची चळत होती. कडक, भोकाभोकांचा, पुठ्ठ्यासारखा जर्मन पाव.

"आई, हे?"

"पीठ संपलं हो. ते भिजवताना तुम्हाला धरलंच नव्हतं."

"का?"

"तुमच्या दिवाणजीचा सल्ला. बाहेरच्यांच्या बाबतीत मी मोडला, पण घरच्या माणसाच्या बाबतीत तरी पाळायला नको? आणि वाणाला जाळी लागते, ती याला आहेच."

मी मन मोठं केलं. एक अख्खा तुकडा तोंडात घातला आणि दिवाणजीची नवी आवृत्ती किती बिनचूक असेल हे समजावून सांगायला सुरुवात केली. पण तो पाव टाळ्याला असा चिकटला, की पुढचा शब्द फुटेना. मी नुसता हातवारे करत राहिलो.

घर कसं शांत झालं. सुनेत्रा हनुवटीला हात लावून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "हा अधिक महिना दर वर्षी का नाही गं येत?"