टार्निट वसाहतीच्या लाचबंदीची साद्यंत हकीकत

श्रीगजाननास वंदून आणि वडीलधाऱ्यांची आज्ञा घेऊन, टार्निट वसाहतीत लाचबंदीचा कायदा कैसा जाहला ते कागदी लावितो. शके १९४२, शार्वरीनाम संवत्सरी, श्रावणमासी मेलबर्न मुलखावर करोनाचा अंमल बसला, आणि पाच किलोमीटरांपलीकडे पाऊल घालण्याची मनाई जाहली, आणि मग मराठी मंडळाचा दरबार झूमवर भरू लागला.

अध्यक्ष राजमान्य राजेश्री श्रीनाथराव हे पाककृती स्पर्धेचे खासे परीक्षक. मागील मोहिमेत त्यांनी शैलाताईंच्या पुरणपोळीस अव्वल नंबर दिला, आणि परीक्षक फितले ऐसा बोभाटा वसाहतभर जाहला. मग श्रीनाथरावांनी कलम मांडिले, की परीक्षकाने स्पर्धकाशी खाद्यपदार्थाची देवघेव करू नये. आणि हे नामंजूर जाहल्यास आपण अध्यक्षपद सोडू. विरोधी फळीचे सरदार सलिलपंत यांनी, परीक्षकाने वासही घेऊ नये, ऐसी दुरुस्ती आणिली, आणि दोन घटका केवळ वासावर तुंबळ वाद जाहला.

इतक्यात श्रीनाथरावांचा माईक उघडा राहिला, आणि मुदपाकखान्यातून त्यांच्या पत्नी नुपूरबाईंचा आवाज थेट दरबारी दाखल जाहला.

"अरे श्रीनाथ, शैलाताईंचा श्रीखंडाचा डबा घासलाय. रिकामा कसा परत देऊ? थांब, शंकरपाळे तळते!"

सलिलपंत ऑस्ट्रेलियन थाटात वदले, "काय मेट, श्रीखंड पचलं का?" शैलाताईंनी कॅमेरा मिटून रण सोडिले.

श्रीनाथरावांस पेच पडला. शंकरपाळे द्यावेत तर स्वतःचेच कलम मोडते. डबा रिकामा धाडावा तर घराण्याची अब्रू जाते. मग त्यांनी कोठीत धाव घेऊन, सुपरमार्केटच्या रांगेत शर्थीने मिळविलेला टॉयलेट पेपरचा एक रोल आणिला, आणि डब्यात कोंबिला, आणि झाकण लावून कॅमेऱ्यापुढे धरिला. डबा रिकामा नाही आणि आतील जिन्नस खाद्य नाही, ऐसा निवाडा दिला. इतक्यात मंडळाच्या सभासद सुमेधाबाईंच्या कुकरची शिटी जाहली, तशी त्यांनी "नो वरीज, पास करून टाका ना!" ऐसी कुमक केली. सलिलपंतांचे नेटवर्क हात वर असताना गोठले, तोही हात मोजिला, आणि कायदा एकमते मंजूर जाहला.

दुसरे दिवशी प्रातःकाळी श्रीनाथरावांच्या दारी सात स्पर्धकांचे सात डबे उभे. प्रत्येकात एकेक रोल; शैलाताईंच्या डब्यात दोन.

येणेप्रमाणे टार्निटात खाद्यलाच समूळ नाहीशी होऊन सत्याची फत्ते जाहली, आणि गणपतीच्या स्पर्धेत अव्वल नंबर शैलाताईंसच मिळाला. यात तिळमात्र अधिकउणे नाही.