टेपवाडीचं सुरक्षित ठिकाण

शिवानीनं तालुक्याच्या साहेबांना गाठलं ते थेट जीपच्या दारातच. दहावीतली पोर, पण आवाज असा खणखणीत, की साहेबांचा एक पाय जीपमध्येच राहिला.

"साहेब, आधी आमच्या घरामागं चला. डोंगराला ही एवढी भेग पडलीय. पावसाच्या आधी आमाला दुसरीकडं जागा द्या."

"बघू, बघू. आधी तालीम उरकू."

वेल्ह्याकडच्या डोंगरातली ही टेपवाडी. तिथं त्या दिवशी दरड कोसळण्याची रंगीत तालीम होती. आपत्तीच्या आराखड्यात सगळं झकास ठरलं होतं. पंचायतीवरचा भोंगा वाजला, की लोकांनी घरं सोडायची आणि ओढ्यापलीकडं शाळेच्या पटांगणात जमायचं. फक्त हे वाडीला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

"सांगायचं कशाला?" सरपंच मानसिंग म्हणाले. "दरड काय सांगून येती व्हय?"

भोंगा वाजला. साहेब पटांगणात घड्याळ धरून उभे. पटांगणात आलं एक कुत्रं. वाडी मात्र पळत होती, अगदी जीव खाऊन, पण उलट्या दिशेला! आणि जिच्या-तिच्या कमरेवर रिकामा हंडा.

त्यात वाडीचा काय दोष? भोंगा आला होता आपत्तीसाठी. पण आपत्ती काही येईना, आणि पाणी कधी येईल याचा नेम नाही. म्हणून पाणी सोडणारा गोरख नळाला पाणी आलं की तोच भोंगा वाजवायचा. नळ शिवानीच्या अंगणाला लागून होता. भेगेच्या बरोब्बर खाली.

साहेब धापा टाकत नळावर पोचले. "अहो, दरड कोसळतीय! पळा!"

"कोसळू द्या," रांगेतल्या पहिल्या बाईनं हंडा घट्ट धरला. "म्या हितनं हलले तर माझा नंबर जाईल."

"परत वाजवा!" साहेब ओरडले.

परत वाजला. बायका खरंच घराकडं पळाल्या. साहेबांचा चेहरा उजळला. बायका दुसरा हंडा घेऊन परत आल्या.

"गोरख, काय चाललंय हे?" सरपंच कडाडले. गोरखला वाटलं, पाणी आलं नाही म्हणून बोलणी बसताहेत. त्यानं पळत जाऊन टाकीचा कॉक उघडला. मग काय! लोकांना शाळेकडं वळवायला उभी केलेली अंगणवाडीची बाईसुद्धा घागर आणायला पळाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पानशेतला जेवण सांगून ठेवलं होतं.

"सरपंच, भोंगा वाजल्यावर माणसं घराबाहेर पडली ना?"

"व्हय. चहा निवायच्या आत."

"एका जागी जमली ना?"

"जमली की! आख्खी वाडी!"

"मग तालीम यशस्वी. जागा बदलून टाका. पटांगण खोडा, हे अंगण घाला. लोकांच्या सोयीनं चालावं माणसानं."

शिवानी पुढं घुसली. "साहेब, भेग हितंच हाय! वर तरी बघा!"

साहेबांनी वर पाहिलं. उन्हानं डोळे दिपले, म्हणून खाली पाहिलं. "दिसत नाही काही."

"चढून बघा की! आन् आमच्या जागेचं काय?"

"बाळ, सुरक्षित ठिकाणच्या माणसांना हलवता येत नाही. तसा नियमच आहे."

टाळ्या पडल्या. हंडेवाल्या बायकांसकट फोटो निघाला.

आठवड्याभरात हिरवी पाटी आली. गोरखनं ती शिवानीच्या दारासमोर रोवली. 'सुरक्षित ठिकाण. आपत्तीत येथे जमावे.' ती वाचताना शिवानीचे दात करकरत होते. तिची आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिनं एक खडा बाजूला टाकला.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "आजवर दरड आली असती, तर आपुन चौघंच गाडलो गेलो असतो. आता निदान सोबत तरी हाय."