बराबर जुळलेले गुडघे

"दोन दिवस! दोन दिवसांत तीस गुडघे उरकते की नाही बघ!" डॉक्टर रेवतीनं मैत्रिणीला, डॉक्टर जाईला, छातीठोक सांगितलं होतं. रेवतीचा हा प्रबंधाचा तिसरा विषय. आधीचे दोन पाण्यात गेले होते आणि आता तिच्या अंगात चौथ्याची ताकद नव्हती.

विषय तसा साधा. गुडघ्यातल्या कूर्चेची, म्हणजे गावच्या भाषेत 'गादी'ची जाडी सोनोग्राफीवर मोजायची. सकाळी रेवती मोजणार, दुपारी जाई तोच गुडघा पुन्हा मोजणार. आकडे जुळले तर मशीन भरवशाचं. नाही जुळले तर प्रबंध गेला, वर्ष गेलं!

पहिल्या दिवशी कळमनुरीच्या दवाखान्यात पंधरा माणसं जमली. रेवतीनं कळवळून सांगितलं, "मावशी, काका, आमचं दोघींचं बराबर जुळलं पाहिजे हं! नाहीतर माझं वर्ष वाया जाईल."

"अगं माय! एवढंसं लेकरू, किती तकलीफ!" शिरड शहापूरच्या शकुबाई हळहळल्या.

संध्याकाळी रेवतीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. शकुबाई, दोन पॉइंट एक. दोन पॉइंट एक! सोनाजी, एक पॉइंट आठ. एक पॉइंट आठ! पंधराच्या पंधरा जुळले. कमरेचा काटा ढिला झालेला, तरी ती खुर्चीतून उडालीच.

तेवढ्यात दारात शकुबाई गुडघ्यावरचं सोनोग्राफीचं जेल पुसताना दिसल्या. उजव्या गुडघ्यावरचं.

"मावशी, सकाळी मी डावा मोजला होता ना?"

"व्हय की. लई वाकवायला लावला तुमी, ठणकून राहिलाय. म्हून दुपारच्या बाईला उजवा दिला. एकाच गुडघ्याला दोनदा तरास काहून द्यायचा?"

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी!" त्यांच्या मागून सोनाजी अभिमानानं म्हणाले.

रेवतीनं दोन्ही कागद पुन्हा ताडून पाहिले. "मग आकडे जुळले कसे?"

"तुमी सकाळी आकडा मोठ्यानं सांगत होता न्हाई का, कागदावर घ्यायला?" शकुबाई म्हणाल्या. " आमी पाठ केला. दुपारी मशीन लावायच्या आधीच बाईला सांगून टाकला. तुमचं वर्ष वाचाया पाहिजे ना!"

रेवतीनं जाईकडे पाहिलं. जाईची मान खाली.

"मी खोटं नाही गं लिहिलं," ती पुटपुटली. "पण पडद्यावर दोन खुणा हातानंच ठेवायच्या. कानावर 'दोन पॉइंट एक' पडलं की हात बरोबर तिथंच जाऊन थांबतो!"

म्हणजे मशीन बिचारं तपासायचंच राहिलं आणि भरवसा निघाला शकुबाईंच्या पाठांतराचा. रेवतीला रडावंसं वाटत होतं, पण त्यालाही त्राण लागतं.

"सगळं पहिल्यापासून करावं लागेल," ती कशीबशी म्हणाली. "उद्या परत याल?"

"येऊ की वो!" शकुबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "फकस्त उद्याचा आकडा आताच सांगून ठेवा. या वयात पाठ व्हायला टाइम लागतो, लेकरा!"