बायका निरंक

जगात अन्न कधी कमी पडत नसतं. खाणारी तोंडं जास्त होतात, एवढंच. हे थोर सत्य सरकारला एकोणीसशे त्रेचाळीस साली फार तीव्रतेनं जाणवलं. ब्रह्मदेश जपान्यांच्या हातात गेल्यामुळे तिकडचा तांदूळ यायचा थांबला होता. फौजा जगभर लढत होत्या आणि लढताना त्यांना भूक लागत होती (ही गोष्ट लढाई सुरू करताना कोणाच्या ध्यानात आली नव्हती). यावर विद्वानांच्या अकरा कमिट्या बसल्या. धान्य वाढवायचं तर पाऊस लागतो, आणि पाऊस सरकारी हुकूम वाचत नाही. तोंडं मोजायला मात्र नुसता कारकून पुरतो. म्हणून असं ठरलं, की घरोघरची खाणारी तोंडं मोजायची, तोंडामागे वर्षाची चार मण ज्वारी घरात राहू द्यायची आणि बाकीची लेव्ही म्हणून सरकारनं उचलायची.

धुळ्याच्या कचेरीतून या कामावर लीलाधर कारकुनाची नेमणूक झाली. लीलाधर हा मोठा प्रामाणिक माणूस. एकोणीस वर्षांच्या नोकरीत न पाहिलेली गोष्ट त्यानं कधी कागदावर लिहिली नव्हती, आणि कागदावर नसलेली गोष्ट कधी पाहिली नव्हती. मामलेदारसाहेब त्याला कचेरीचं भूषण म्हणत.

श्रावणातल्या एका शनिवारी तो सोनगीरच्या पलीकडच्या एका गावात पोचला (गावाचं नाव दप्तरात आहे). दुसऱ्या दिवशी घरोघर खानदेशची देवी कानबाई बसायची होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आदल्या दिवशी गहू मोजून घेतात, आणि मोजायची रीत पक्की आहे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचा. पुरुष सुरतेच्या गिरणीत असला तरी त्याची मूठ पडते. काल जन्मला असला तरी पडते. बाईच्या नावानं मूठ पडत नाही. तिनं तो गहू दळायचा असतो. लीलाधरच्या घरीही हीच रीत होती, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

अभिमन आबा ओसरीवर टोपली घेऊन मुठी टाकत होते. लीलाधरनं विचारलं, "आबा, घरात खाणारे किती?"

आबांनी मोजणी मोडू दिली नाही. "सात शेतस, भाऊसाहेब. बठ्ठा सात."

या एकूण सातांत सुरतेला असलेला धाकटा मुलगा होता आणि अडीच महिन्यांचा, एकही दात न आलेला नातू होता. ओसरीच्या मागेच आबांची बायको भिकुबाई, तीन सुना, विधवा बहीण भागाबाई आणि एक नात, अशा सहा जणी दळणाला लागल्या होत्या. जात्याच्या घरघरीत लीलाधरला नीट ऐकू येईना, म्हणून त्यानं त्यांना जरा थांबायला सांगितलं. मग स्वच्छ अक्षरात लिहिलं: पुरुष सात, बायका निरंक.

संध्याकाळपर्यंत गाव मोजून झालं. प्रत्येक ओसरीवर टोपली होती आणि प्रत्येक आबाच्या तोंडी आकडा तयार होता. इतकी सुरळीत मोजणी जिल्ह्यात दुसरीकडे कुठं झाली नाही. खाणारे दोनशे चौदा, बायका निरंक.

पौषात ज्वारी घरात आली आणि तिच्या पाठोपाठ नोटीस आली. अभिमन आबांच्या घरी पन्नास मण ज्वारी होती. सात तोंडांचे अठ्ठावीस मण ठेवून बावीस मण दोन महिन्यांत लेव्हीच्या गाड्यांवर चढवायचे होते. भिकुबाईला वाचता येत नव्हतं, पण ज्वारी कळत होती. अठ्ठावीस मणांत तेरा माणसं वर्षभर निघत नाहीत, आणि कमी पडायला लागलं की ते कुणाच्या ताटापासून कमी पडत जातं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. बिनदातांच्या नातवाला सरकारनं चार मण मंजूर केले होते. त्याला अंगावर पाजणाऱ्या सुनेला काहीच नव्हतं. भिकुबाईनं बाकीच्या तीस घरच्या तीस बाया गोळा केल्या, गाड्या जुंपायला लावल्या आणि धुळ्याची कचेरी गाठली.

"भाऊ, आम्ही बी खातस ना," ती लीलाधरच्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली. "आमनी भूक कोठे लिखेल शे?"

लीलाधरनं रजिस्टर उघडून अदबीनं दाखवलं. "अक्का, तुम्ही खाता असं यात कुठंच नाही."

मामलेदारसाहेब कनवाळू होते. चुकीची नोंद दुरुस्त करायला नियमात सोय होती. घरच्या कर्त्या पुरुषानं शपथेवर एवढंच सांगायचं, की या बाईला मी स्वतः जेवताना पाहिलं आहे. एकतीस कर्त्या पुरुषांना बोलावणं गेलं.

पहिले अभिमन आबा आले. लग्नाला चौतीस वर्षं झालेली, घरचे बावीस मण टांगणीला लागलेले. एक शब्द खोटा बोलले असते तर काम भागत होतं. पण खानदेशी माणूस एक वेळ ज्वारी सोडील, शपथ मोडणार नाही. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि पुष्कळ आठवून पाहिलं.

"नही देखं, साहेब. खोटं कसाले बोलू? मी जेवस, मंग पोऱ्या जेवतस, मंग आम्ही वावरमा जातस. ती कव्हय जेवस, देव जाने."

बाकीच्या तीस जणांनीही तेच सांगितलं. धनसिंग नावाच्या एका साक्षीदारानं बायकोला एकदा पळी चाटताना पाहिल्याचं कबूल केलं, पण उलटतपासणीत ती आमटीचं मीठ बघत होती असं निघालं.

एवढ्या खऱ्या माणसांनी एकमुखानं साक्ष दिल्यावर कचेरीपुढे दुसरा मार्ग नव्हता. 'खानदेशी स्त्री व अन्न' असा अहवाल तयार होऊन वर गेला. त्यात म्हटलं होतं, की ही प्रजा दळते, कांडते, रांधते व वाढते, परंतु खाताना आढळत नाही. तिचे पोषण बहुधा चुलीच्या धुरावर होत असावे. मागे उरलेले आपण संपवतो असे काही जणींचे म्हणणे आहे, परंतु ते वाया जाऊ नये म्हणून केलेले असल्याने त्यास खाणे म्हणता येणार नाही. ती साफसफाई होय. हा प्रकार सर्वत्र लागू केल्यास निम्म्या जगाच्या अन्नाचा प्रश्न कायमचा सुटेल, व उरलेल्या निम्म्यास पूर्वीप्रमाणे वाढले जाईल. मुंबईच्या एका साहेबानं समासात 'स्तुत्य' असा शेरा मारला. समुद्रापलीकडे भरलेल्या कसल्याशा अन्नपरिषदेनं दोन प्रती मागवल्या. लीलाधरला बढती मिळायची चिन्हं दिसू लागली.

लेव्हीच्या गाड्या यायला आठ दिवस उरले. भिकुबाई घरी कोणाशी भांडली नाही. आबांनी पाहिलं नसेल, तर आबांना दाखवायचं, इतकाच तिचा हिशेब होता. तिनं कचेरीत निरोप धाडला, की रविवारी पंच घेऊन या, आम्ही जेवतो.

रविवारी मामलेदारसाहेब लीलाधरला घेऊन आले आणि चावडीपुढे सगळं गाव जमलं. कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत होतं, ज्वारीच्या भाकऱ्यांच्या टोपल्या होत्या, मिरचीचा ठेचा होता. बायांनीच सगळं रांधलं, पत्रावळी मांडल्या आणि पदर नाकापर्यंत ओढून त्या स्वतःच पंगतीला बसल्या. समोर भिंतीला पाठ लावून पुरुष पंच म्हणून बसले. लीलाधरनं घड्याळ बघून लिहायला घेतलं: बारा वाजून दहा मिनिटे, घास हातात. बारा वाजून पंचवीस मिनिटे, घास हातातच.

कोणाच्याच हाताला तोंड सापडेना. समोर सासरे होते, दीर होते, नवरे होते. जन्मात ज्यांच्यापुढे कधी खाल्लं नाही ते सगळे डोळे लावून बसलेले. मामलेदारसाहेबांनी दोनदा घड्याळ काढलं. कोणी खाल्लं नाही तर अहवाल खरा ठरणार होता आणि गाड्या गुरुवारी सुटणार होत्या. या बायांनी खावं, असं लीलाधरला अगदी मनापासून वाटलं. सरकारी कामात काही वाटण्याची ही त्याची पहिलीच खेप होती.

भिकुबाईनं पदर मागे सारला. आबांकडे सरळ बघत घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि गिळला.

"देखं का?"

"देखं," आबा म्हणाले.

मग सगळ्या पंगतीचे हात चालू लागले. भागाबाई साठीला आलेली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि ती थबकली. "माय व! भाकर इतली नरम लागस?"

"का मावशी? आजवर खाल्ली नव्हती?" लीलाधरनं विचारलं.

"खादी ना, भाऊ. पन शेवटली. थंडी."

लीलाधरनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि खाली टीप दिली: सदर बाई पूर्वीपासून खात असल्याचा संशय.

दोन वाजेपर्यंत बायका पोटभर जेवल्या. आबांनी टोपलीत वाकून पाहिलं, तर तळाला अर्धी भाकर. "आमले काय?"

"उरनं ते खा," भिकुबाई म्हणाली.

पंचनाम्याच्या शेवटी अशी नोंद आहे, की जेवणानंतर पुरुष भुकेले आढळले. ही बाब नवीन असून स्वतंत्रपणे कळवण्यात येत आहे.

गावच्या सगळ्या बायका रजिस्टरात खात्या झाल्या आणि आबांच्या घरचे बावीस मण घरातच राहिले. मुंबई नाराज झाली. परिषदेकडून अहवालाच्या प्रती परत मागवल्या, पण त्या काही आल्या नाहीत (इतका स्वस्त उपाय केवळ चुकीचा निघाला म्हणून कोणी परत करत नसतं). पुन्हा अशी गफलत नको म्हणून खेड्यांतल्या नोंदी आणि शहरातली रेशनकार्डं, सगळ्यांत एक नवा रकाना आला: 'प्रत्यक्ष जेवताना पाहिले आहे काय?'

लीलाधर आपलं कार्ड भरायला घरी घेऊन आला. स्वतःच्या नावापुढे त्यानं 'होय' लिहिलं, दोन्ही मुलांपुढे 'होय' लिहिलं. नंतर बायकोचं नाव आलं, सुंदरबाई. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्यानं टाक खाली ठेवला.

"आज माझ्यासमोर बस आणि जेव," तो म्हणाला.

"असं कुठं असतं?" तिनं पाट मांडला, ताट वाढलं. "आधी तुमचं होऊ द्या. मुलं यायचीत अजून."

"नाही. आधी तू."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तोही बसून राहिला. ताटातली भाकरी निवायला लागली, आणि निवलेली भाकरी कशी लागते हे त्याला आता कागदोपत्री माहीत होतं. तेव्हा ती गरम आहे तोवर त्यानं खाऊन घेतली, हात धुतले आणि तिच्या नावापुढच्या रकान्यात खरं तेच लिहिलं.

वाचकांनी अस्वस्थ होऊ नये. तो रकाना आता कुठल्याच कार्डावर नाही. आपण निवांत वाचत बसला आहात, त्या अर्थी आपलं जेवण झालेलं असणार. आतून भांड्यांचा आवाज येत असेल, तर तिकडेही आटोपत आलं असं समजावं. उठून बघायची काही गरज नाही. कोणी साक्षीला बोलावलंच, तर खरं तेच सांगा.